दाढी केलेले मामा

मामांनी मला चुकीच्या गाडीत बसवलं, तिथून आमची ओळख झाली. मला जायचं होतं राहुरीला. तिथल्या एका दूध संस्थेचे हिशेब तपासायला मी अधूनमधून जातो. त्या दिवशी स्टँडवर फोनवर बोलत होतो, गाडीच्या पाटीकडे पाहिलं नाही, आणि फलाटावरून खणखणीत आवाज आला, "राहुरी, राहुरी, राहुरी, चला बसून घ्या." मी बसून घेतलं. कंडक्टर तिकिटाला आला तोवर गाडी गावाबाहेर पडली होती.

"राहुरी?" तो म्हणाला. "ही नेवाशाला चाललीय. मामाचं ऐकून बसलात ना?"

मला फाट्यावर उतरवून गाडी निघून गेली. राग यायला हवा होता, पण चालत परत येताना डोक्यात दुसरंच चाललं होतं. रोज त्याच स्टँडवर उभा असणारा माणूस इतक्या खात्रीने चुकतो कसा?

परत आल्यावर मी आवाजाचा माणूस शोधला. रसवंतीच्या आडोशाला एक म्हातारा बसला होता. छातीपर्यंत दाढी, तिचा रंग धुळीचा की वयाचा ते सांगता येत नव्हतं. भर उन्हात अंगात स्वेटर, शेजारी खताची रिकामी गोणी, तिच्यात अंथरूण.

"तुम्ही मला नेवाशाच्या गाडीत बसवलं," मी म्हणालो.

"मग? पोचला का नेवाशाला?"

"फाट्यावरून परत आलो."

"मग काय बिघाडलं न्हाई." त्याने खुलासा केला. "राहुरीच्या गाडीवर खोकनारा ड्रायवर आसतो. आज त्याला नेवाशावर टाकलाय. मला कोनी सांगितलंच न्हाई."

तेव्हा मी त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाच्या सायीसारखं काही होतं. मामा पाट्या वाचतच नव्हते. ड्रायव्हरचं खोकणं, कंडक्टरच्या दरवाजा आपटण्याची तऱ्हा, इंजिनाची घरघर, एवढ्यावर त्यांचा कारभार चालला होता. मला आकड्यांचा नाद असल्यामुळे पुढे मी येता-जाता अंदाज घेत राहिलो. दहातल्या दोन-तीन गाड्या तरी चुकायच्या. रोजचे लोक ऐकून सोडून द्यायचे, नवखे फसायचे.

मला कोडं पडलं ते असं. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता फुकट होतं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. भिंतीभिंतीवर शिबिरांच्या जाहिराती असतात. नगरच्या एका धर्मादाय रुग्णालयाची गाडी तर आमच्या गावातून पेशंट घेऊन जाते. मग हा माणूस का जात नाही? मनातलं खरं सांगायचं तर त्यालाच नको असेल असं मला वाटत होतं.

विचारलं तर म्हणाले, "गेल्तो की. एकदा न्हाई, लई येळा."

पहिल्यांदा आधार कार्ड मागितलं. ते नव्हतं. कार्डं निघाली तेव्हा मामा या रसवंतीवर चरक फिरवायला होते, गर्दीचे दिवस होते, नंतर काढू म्हणाले आणि राहून गेलं. पुढच्या खेपेला एका भल्या डॉक्टरने कार्डावाचून चालवून घेतो म्हटलं, पण विचारलं, सोबत कोण आहे? कोणी नव्हतं. त्यानंतर एका शिबिरात विचारलं, ऑपरेशन झाल्यावर राहणार कुठे?

"मी म्हनलं, स्टँडवर. ते म्हनले, मग न्हाई जमायचं."

मी ऐकीव गोष्टीवर शेरा मारत नाही. कामाची सवयच तशी आहे. नगरला गेलो तेव्हा मुद्दाम त्या रुग्णालयात जाऊन विचारलं. खिडकीवरच्या बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "काका, आम्हाला काय नको आहे का? पण दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धूळ तर अजिबात नाही. स्टँडवर हे कोण करणार? डोळा बिघडला की आहे तेवढंही जातं." आत डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मोतीबिंदू फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढतो आणि मग ऑपरेशन करूनही उपयोग होत नाही. वाट बघण्यासारखं नाही, लवकर आणा.

म्हणजे कोणीच चुकत नव्हतं. खिडकी बरोबर, डॉक्टर बरोबर, मामाही बरोबर. आणि तरी उत्तर चुकत होतं. असा ताळेबंद मी आयुष्यात पाहिला नव्हता.

घरी बायकोला सांगितलं. तिचं उत्तर तयार होतं.

"आपल्या घरचा पत्ता द्या ना. कार्ड येईल, प्रश्न मिटेल."

"ते आपल्याकडे राहत नाहीत. खोटं कसं लिहायचं?"

"मग खरा लिहा. फलाटाशेजारी, गोणीवर, मुक्काम पोस्ट स्टँड. पोस्टमन बघतो शोधून."

ती चेष्टा करत होती, पण मी त्यावरच अडलो. जो माणूस बारा-तेरा वर्षं एकाच जागी झोपतो त्याला पत्ता नाही, आणि माझा भाचा तीन वर्षांत चार भाड्याच्या खोल्या बदलून पुण्यात राहतो, त्याला आहे. हे कसं काय?

शेवटी रसवंतीवाल्याला विचारलं. त्याच्या गाळ्याला नंबर आहे. तो दचकलाच.

"साहेब, उद्या म्हनायचा गाळा माझा."

"मामा म्हणतील असं?"

"मामा न्हाई म्हननार. मामाचा भाऊ उगवंल. कागदाला पाय फुटत्यात. आन् गाळा तरी माझा कुठंय, मीच भाडेकरू."

मामा शेजारीच ऐकत होते. म्हणाले, "माझा भाऊ भंडारदऱ्याकडं डोंगरात हाय. तो एवढ्या लांब तुझ्या चरकासाठी येतो व्हय रं?"

भावाचा विषय निघाला म्हणून मी विचारलं, तिकडे का जात नाही? मामांनी दाढीतून हात फिरवला. "मला कोनी हाकललं न्हाई साहेब. बायको गेली, मग हिकडं कामाला आलो. दिवाळीला जाऊ म्हनलं, मग सक्रांतीला. आसं करता करता लई वर्सं झाली. आता कंच्या तोंडानं जायचं? आन् दिसत न्हाई ते येगळंच."

रसवंतीवाला थोडा वेळ चरक पुसत राहिला. मग म्हणाला, "लिव्हा माझा नंबर. पन माझ्या मार्फत आसं लिव्हा."

आता हवा होता रहिवासाचा दाखला. तलाठी म्हणाले, फोटो आणा, मी जागेवर येतो, दोन पंच मला सांगू देत की हा माणूस इथे राहतो. सरळ काम होतं. पंचही ठरवले: फलाटावर गजरे विकणारी मावशी आणि चौकशीच्या खिडकीवरचा शिपाई. दोघांनीही फोनवर होकार दिला.

पंचनाम्याच्या दिवशी मी सकाळीच मामांना घेऊन गेलो. सरकारी कामाला जायचं, त्यातून फोटो काढायचा, म्हणजे आमच्याकडे माणूस आधी दाढी करतो, आंघोळ करतो, धुतलेले कपडे घालतो. लग्नाला जाताना करतो तसंच. त्यात मला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. न्हाव्याने दाढी उतरवायला बराच वेळ घेतला. त्याने वस्तऱ्याचं पातं दोनदा बदललं. आंघोळ आमच्या घरी झाली. बायकोने माझा इस्त्रीचा शर्ट दिला. फोटो काढला. वाटेत मी मामांना बजावलं, "साहेबांसमोर तुम्ही काही बोलू नका. मी बोलतो. तुम्ही नुसते बसा."

स्टँडवर परत येऊन मामा नुसते बसले. हात मांडीवर, मान ताठ, जसे फोटोला बसले होते तसे.

तलाठी आले. मी म्हणालो, "भाऊसाहेब, हे ते गृहस्थ."

त्यांनी मावशीला विचारलं, "यांना ओळखता?"

मावशीने टोपली खाली ठेवली आणि मामांकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे. "न्हाई."

"अहो मावशी, हे मामा," मी म्हणालो.

"आमच्या मामाला दाढी हाय. ह्यो कोनतरी मास्तर दिसतोय."

"दाढी आजच काढली."

"तुमी म्हनता. मी कशाला म्हनू? उद्या माझा आंगठा घिऊन ह्यो मानूस कोनाची जमीन इकायचा." ती शिपायाकडे वळली. "तुला वाटतोय का मामा?"

शिपाई वाकून मामांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "मामा उंच आहेत," तो म्हणाला. "आणि स्वेटर असतो." रसवंतीवाला गाळा बंद करून कुणाच्या तरी तेराव्याला गेला होता. मी मामांना म्हणणार होतो की बोला आता, पण तलाठ्यांनी हात वर करून मलाच थांबवलं.

"तुम्ही पंचांना शिकवू नका," ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. त्यांनी फाईल पिशवीत घातली. "ओळख पटत नाही तर मी काय लिहू? पुन्हा कधी येणं झालं तर बघू."

मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं, वाट बघण्यासारखं नाही. मामांनी मान जराही हलवली नव्हती. बोलू नका म्हटलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं.

तेवढ्यात एक गाडी आत शिरली. धूळ उडाली, दरवाजा आपटला. मामा उठून उभे राहिले. मला वाटतं त्यांच्या ते ध्यानातही आलं नसेल. मान वर करून त्यांनी हाळी दिली, "नगर, नगर, नगर, चला बसून घ्या."

अहिल्यानगर असं पाटीवर येऊन बराच काळ झाला, पण मामांनी पाटी कुठे वाचली होती. आणि तसंही ती गाडी नगरची नव्हतीच. बेलापूरची होती.

मावशी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "भाऊसाब, थांबा. ह्योच हाय. आख्ख्या स्टँडात चुकीची गाडी आसली कोन सांगतंय?" मग मामांच्या जवळ जाऊन म्हणाली, "मेल्या, बोलायला काय झालं हुतं तुला?"

"साहेबांनी गप ऱ्हायला सांगितल्तं."

तलाठ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फाईल पिशवीतून पुन्हा बाहेर आली. मावशीने सही केली, तीही सुवाच्य. अंगठ्याचं मघाशी उगाच म्हणाली होती. शिपायानेही केली. तरी पुटपुटलाच, "मामा उंच होते."

दाखला मिळाला तसा दुसऱ्याच दिवशी आधार केंद्रावर मामांचा फोटो निघाला, पण कार्ड यायला वेळ लागला. मधे पुन्हा एक चौकशी आली, पण तोवर दाढीचे खुंट वाढले होते आणि तेव्हा मामांनाच बोलू दिलं. कार्ड रसवंतीवर आलं. पावसाळ्यात रसवंती बंद असते, तेव्हा आलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करतो.

सोबतीला मी होतोच. राहता राहिला तिसरा प्रश्न, ऑपरेशननंतर कुठे. नगरला निवारा आहे, मी चौकशी केली. रात्री झोपायला मिळतं, सकाळी बाहेर पडावं लागतं. थेंब मात्र दिवसा घालायचे. बायकोने मागच्या पडवीतला जुना कूलर आणि रद्दी बाहेर काढली, फरशी दोनदा पुसली आणि खाट टाकली. मला फक्त एवढंच म्हणाली, "हे खोटं नाही ना? आता राहणारच आहेत."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मामा आमच्या पडवीत राहिले. थेंब बायको घालायची. तिच्या हातून वेळ चुकायची नाही, माझ्याकडून एकदा चुकली. मामांच्या डोळ्यावर सारखा काळा चष्मा असायचा, त्यातून त्यांना माणसं नुसती सावल्यांसारखी दिसायची. ते फार बोलायचे नाहीत. रस्त्यावरून एसटी गेली की मात्र ओठ हलायचे. थेंब संपत आले तसे ते अस्वस्थ झाले. अजून राहा म्हटलं तर म्हणाले, "फलाट दुसऱ्या कोनी धरला तर?" मला हसू आलं, पण ती भीती साधार होती. परत गेले तेव्हा आडोशाला कोणीतरी शीतपेयांचे क्रेट रचून ठेवले होते. रसवंतीवाल्याने ते हलवायला लावले.

काही दिवसांनी मी राहुरीसाठी स्टँडवर गेलो. दाढी पुन्हा गळ्याखाली आली होती. मी जवळ गेलो तरी मामा माझ्याकडे परक्यासारखं बघत राहिले. मी बोललो तेव्हा चपापले.

"तुमी व्हय. आवाजावरून मी तुमाला चांगले जाड धरले हुते."

राहुरीची गाडी त्यांनी बरोबर सांगितली. मावशी कुरकुरली की आता मजा राहिली नाही, पहिले लोक चुकायचे आणि थांबून गजरे तरी घ्यायचे.

परवा दुसऱ्या डोळ्यासाठी नगरला गेलो. गाडीत मामांनी खिशातून कार्ड काढलं. ते त्यांनी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत ठेवलं आहे. हात लांब करून, बरा डोळा बारीक करून त्यांनी बराच वेळ फोटोकडे पाहिलं.

"साहेब, ह्यो कोन?"

"तुम्हीच."

त्यांनी पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावरून, मग दाढीवरून हात फिरवला. "मास्तर दिसतोय," म्हणाले. मग काळजीच्या सुरात, "खिडकीवरच्या बाईनं म्हनलं, ह्यो तुमी न्हाई, तर?"

दाढी करावी की राहू द्यावी, हे मला खरंच सांगता येईना. आमची गाडी राहुरीच्या स्टँडवर थांबली होती, आणि मामा खिडकीतून समोर लागलेल्या गाड्यांच्या पाट्या एकेक करून, ओठ हलवत वाचत होते.