पन्नास सांगितली, पंच्याऐंशी आणली

फोटोवालीच्या नाकावर जन्मापासून राग आहे, असं तिची सासू म्हणायची. साफ खोटं. राग तिला या घरानं शिकवला.

स्टुडिओ कसला, थोरल्या दिरांच्या झेरॉक्सच्या दुकानामागची अर्धी खोली. मधे प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे दिरांची केबिन, म्हणजे एक खुर्ची, एक पंखा आणि दिवसभराची डुलकी. अलीकडे पडदा, स्टूल, दोन दिवे आणि ती. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सनं जवळून चेहरा टिपला की नाकाचा भोपळा व्हायचा. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलायचं नाही, पुढच्या वेळी दुसरीकडे जायचं.

म्हणून तिला प्राइम लेन्स हवी होती. हिला झूम नसतं. माणूस चौकटीत बसवायला फोटो काढणाऱ्यानंच पुढंमागं सरकायचं. तिनं पन्नास आणि पंच्याऐंशी मिलिमीटरच्या दोन लेन्स भाड्यानं आणून याच खोलीत लावून पाहिल्या. पंच्याऐंशीच्या लेन्सनं चेहरा जास्त देखणा यायचा, पण पाठ पार्टिशनला टेकली तरी समोरच्याचे खांदे कापले जायचे. पन्नासची चपखल बसली, शिवाय नवी घेणं परवडणार होतं. दीर बाजारात निघाले तेव्हा तिनं साठवलेले पैसे त्यांच्या हातात ठेवले आणि बजावलं, "पन्नासचीच आणा, भाऊजी."

भाऊजींनी आणली पंच्याऐंशीची. तीही कुणीतरी वापरलेली.

"अगं, पन्नासपेक्षा पंच्याऐंशी मोठी! तेवढ्याच पैशात! किती घासाघीस केली मी."

"बदलून आणा."

"जुना माल परत घेत नाही तो. आणि तुला काय, बटण तर दाबायचंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःची चप्पल घेताना हा माणूस अर्धं दुकान पायात घालून बघतो, आणि तिच्या कामाचं माप मात्र हा न विचारता ठरवणार! नवऱ्याकडे गेली तर तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "जाऊ दे गं. दादानं प्रेमानं आणलीय."

"प्रेम त्यांचं, पैसे माझे!"

दुसऱ्या दिवशी निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिका आल्या. शाळेत लावायचा फोटो होता, बारीकशीही चूक चालणार नव्हती. त्या स्टुलावर बसल्या. ती मागं सरकली, पाठ प्लायवूडला लागली आणि बाईंचे खांदे गेले.

"बाई, पाच मिनिटं बसा," ती म्हणाली. दुकानातून स्क्रू-ड्रायव्हर आणून तिनं पार्टिशनचे स्क्रू काढायला घेतले. प्लायवूड धाडकन बाजूला झालं. भाऊजी दचकून जागे झाले.

"अगं, वेडबिड लागलं का?"

"तुम्ही आणलेल्या लेन्सला मागं जागा लागते. उठा."

"आणि मी कुठं बसू?"

"ते मला काय माहीत? मला फक्त बटण दाबायचंय."

खुर्ची तिनं स्वतः ओढत झेरॉक्स मशीनपाशी नेली, परत येऊन रिकाम्या जागेत उभी राहिली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बाई खांद्यांसकट चौकटीत आल्या. फोटो तिनं आजवर काढलेल्या सगळ्या फोटोंत सरस आला. हे तिला कबूल करावं लागलं आणि त्याचाच तिला जास्त संताप आला, कारण भाऊजी तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणालेच, "बघ! मी म्हणत नव्हतो?"

बाई गेल्यावर भाऊजींनी हळूच विचारलं, "पार्टिशन परत कधी लावायचं?"

"पन्नासची आणाल तेव्हा," ती म्हणाली.