आणइकडेबाई

एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत ती इस्त्री विभागाची प्रमुख होती. हाताला वीज आणि जिभेवर सदा एकच पालुपद. कुणी अभ्र्याची घडी घालताना दिसलं, की हिचा हात पुढे. "आण इकडे, तुला नाही जमायचं." म्हणून पाठीमागे सगळे तिला 'आणइकडेबाई' म्हणत.

घरीही तीच तऱ्हा. नवरा बस चालवायचा. गर्दीच्या रस्त्यातून बसभर माणसं सुखरूप पोचवणाऱ्या या गृहस्थाला कांदा चिरता येत नाही, असं तिचं ठाम मत. त्याने चिरलेला कांदा ती पुन्हा चिरायची. शेवटी त्याने सुरी ठेवली आणि खुर्ची धरली. मग ही करवादायची, "एकटीने किती मरायचं? कुणी इकडची काडी तिकडे करत नाही!"

एक दिवस कळलं, इस्त्री विभागात तिच्याबरोबर बरीच वर्षं काढलेल्या मैत्रिणीने धुलाई विभागात बदली मागितली आहे. ही तडक तिच्याकडे गेली.

"अगं, तिथे वाफेने जीव उकडतो. कसलं खूळ घेतलंयस?"

"तिथे माझं काम निदान माझं तरी असेल. इथे मी घडी घालते, तू मोडतेस."

"मी चुका सुधारते गं."

"माझी एक चूक सांग बरं."

हिने खूप आठवून पाहिलं. एकही आठवेना.

संध्याकाळी तणतणत तिने सगळं नवऱ्याला सांगितलं. तो आपली बाजू घेईल, अशी खात्री होती. तो मान खाजवत म्हणाला, "रागावणार नसशील तर बोलतो. मला स्वयंपाक आवडायचा. पण तू मागे येऊन उभी राहिलीस, की लायसन्सची परीक्षा चालू आहे असं वाटतं."

तिला आधी फिस्सकन हसू आलं. मग डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर मैत्रिणीची माफी मागितली. "तू राहा. मी हात आवरते."

बोलणं सोपं, आवरणं कठीण. हात नुसते शिवशिवायचे. ती ते एप्रनच्या खिशात कोंबायची, फारच झालं तर पाणी प्यायला बाहेर पळायची. एकदा हात सुटलाच. मैत्रिणीने चादर झटकन मागे ओढली, "हात आत!" अख्खा विभाग हसला. सगळ्यात मोठ्याने हीच.

घरी नवऱ्याने कितीतरी वर्षांनी भात केला.

"गिचका झालाय ना?" त्याने विचारलं.

"झालाय," ती म्हणाली. "पण आयता मिळालाय! वाढा अजून."

मैत्रिणीने बदलीचा अर्ज मागे घेतला. परवा सुट्टीच्या दिवशी ती हिच्या घरी जेवायला आली. दोघी गॅलरीत पाय पसरून चहा पीत बसल्या होत्या. इतक्यात स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. पाठोपाठ नवऱ्याचा आवाज आला, "काही नाही, काही नाही!"

ही अर्धी उठली. मैत्रीण गालात हसत बघत होती. ही पुन्हा बसली, कपात आणखी चहा ओतून घेतला आणि म्हणाली, "हं, मग तुझी नणंद काय म्हणाली पुढे?"