आत्याच्या गावाला, रिव्हर्स गिअरमध्ये

आमच्या घरी एक मोटार आहे आणि ती कुठंही जाण्यासाठी नाही.

हे वाक्य माझ्या बायकोचं, शोभाचं. माझं मत थोडं वेगळं आहे. आमची गाडी वर्षातून एक महिना जाते! पावसाळ्यात तिच्या टपातून पाणी आत येतं, थंडीत ती उठत नाही आणि वैशाखात तिचं इंजिन माझ्या डोक्याआधी तापतं. राहता राहतो फाल्गुन. गाडी निळी, गोल डोळ्यांची, माझ्यापेक्षा वयानं थोडीशीच लहान. गिअरचा दांडा खाली नाही, स्टेअरिंगच्या मानेलाच चिकटलेला. नांदेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून मी ती घेतली, तेव्हा चावी देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, केवढा हा जिव्हाळा! (सुटकेचं रडू वेगळं असतं, हे मला पहिल्याच चढावर कळलं.)

मी वसमतला शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या मास्तरला फाल्गुन सोसत नाही. गावाबाहेर शेताशेतांत हळद शिजायला लागते, तिची वाफ उठते, आणि सकाळची शाळा सुटून घरी येताना सगळ्या गावावर कुणीतरी पातळ पिवळ्या रंगाचा एक हात फिरवल्यासारखं दिसतं. औंढ्याच्या रस्त्याला पळस फुललेला असतो. अशा वेळी मला उघड्या डोळ्यांनी एकच चित्र दिसतं. निळी गाडी, केशरी पळस, खाली केलेल्या काचेवर माझा कोपर आणि लांबवर सिद्धेश्वर धरणाचं पाणी. त्या चित्रात गाडी नेहमी चालू असते.

"अहो, दूध उतू चाललंय!" शोभा आतून ओरडते. मी गॅसपाशीच उभा असतो.

तीन वर्षांपूर्वी या चित्रात एक माणूस वाढला. आमचे अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, सगळी हयात एसटीत ड्रायव्हर. माझी गाडी हे त्यांच्या लेखी जत्रेतलं खेळणं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि दुसऱ्याच दिवशी ते बाजेवर बसल्या बसल्या म्हणाले, "मध्या, अक्काला बघायचं हाय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी गोदाआत्या. सिद्धेश्वरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत तिचं गाव. अण्णा त्या रस्त्यानं लाल गाडी न्यायचे तेव्हा आत्या फाट्यावर फडक्यात भाकरी बांधून उभी असायची. अण्णा खिडकीतून हात काढून भाकरी घ्यायचे, "बरी हाईस का?" म्हणायचे आणि गाडी निघायची. एवढीच भेट, पण वर्षानुवर्षं चाललेली. पुढं हे निवृत्त झाले, तिचे गुडघे गेले, यांचे डोळे गेले. बरेच दिवस दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. फोनवर दोघंही जिवाच्या आकांतानं ओरडायचे आणि दोघांनाही काही ऐकू यायचं नाही.

"भाड्यानं गाडी करू या का?" शोभानं विचारलं.

"घरची गाडी असताना?" मी म्हणालो. माझा आवाज भरून आला होता.

शोभानं आधी अंगणातल्या गाडीच्या शेडकडं पाहिलं, मग आभाळाकडं.

ताडपत्री काढली तर मागच्या सीटवर कोंबडी! आमचीच, तांबडी, अंड्यांवर बसलेली.

"तिला हात लावायचा न्हाई," शोभानं बजावलं. "पिल्लं निघू द्या."

"अगं, पण इंजिनाचं काम म्हणजे आवाज होणारच."

"मग हळू करा की!"

अख्ख्या मराठवाड्यात इतक्या हळू आवाजात दुसरी गाडी दुरुस्त झाली नसेल. रोज दुपारी मी शेडमध्ये शिरायचो आणि चोरासारखा पान्हा फिरवायचो. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी सहामाहीचे पेपर कुरतडून घर बांधलं होतं (नववीच्या वर्गाला मी मार्क कुठून दिले, हे आता विचारू नका). ते काढलं. जुनं पेट्रोल उपसलं, प्लग घासले, बॅटरी चार्ज करून आणली. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे गोल गोल कवडसे इंजिनावर पडायचे, कोंबडी डोळे मिटून घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायची, लांबून शिजत्या हळदीचा वास यायचा, आणि मी हातात पान्हा धरून कुठल्या कुठं निघून जायचो. अशाच एका गुंगीत मी गिअरच्या दांड्याचे खालचे जोड सोडले, पुसले, ग्रीस लावलं आणि पुन्हा बसवले. बसवताना माझ्या डोळ्यांपुढं पळस होता.

"ब्रेक बघितला का?" अण्णा बाजेवरून विचारायचे.

"बघितला."

"एकदा मेस्तरीला दाखव की."

"अण्णा, मी हातानं काम करणारा कलाकार माणूस आहे."

"म्हणूनच म्हणून राहिलो!"

पिल्लं निघाली. होळी झाली. आणि एका सकाळी, शोभा मागं पुरणपोळीचा स्टीलचा डबा घेऊन, अण्णा माझ्या शेजारी नवं धोतर नेसून, असे आम्ही निघालो. मी चावी फिरवली. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि चक्क सुरू झाली! गल्लीत दोन माणसांनी टाळ्या वाजवल्या. निघण्याआधी आत्याला फोन झाला होता. तिचं एवढंच ऐकू आलं, "लक्ष्या, तू आल्याबिगर मी जेवत न्हाई!" (अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला लक्ष्या म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं.)

रस्ता कसा होता म्हणून सांगू! दोन्हीकडं पिवळा उजेड, मधूनच हरभऱ्याच्या खळ्यावरचा भुसा उडायचा आणि उन्हात चमकत खाली बसायचा. गाडी गुरगुरत होती, अण्णा ब्रेकचं नावही काढत नव्हते, म्हणजे त्यांना आवडत होतं. फाट्यावरून आत वळलो. आत्याचं गाव दीड-दोन किलोमीटरवर राहिलं. आणि तिथं तो दिसला! एकच पळस. एक पान नाही, नुसती फुलं. खाली केशरी सडा. मी पुढं गेलो, पण मन मागं राहिलं. मी गाडी थांबवली.

"काहून थांबला?" अण्णा म्हणाले.

"जरा मागं घेतो. गाडी त्या झाडाखाली कशी दिसते ते बघायचंय. दोनच मिनिटं."

रिव्हर्स टाकला, झाडाखाली आलो, उतरलो, पाहिलं. हुबेहूब माझं चित्र! निळी गाडी, टपावर टपटप पडणारी केशरी फुलं. माझे डोळे भरून आले. परत बसलो, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागं गेली.

पुन्हा टाकला. पुन्हा मागं. दांडा वर केला, खाली केला, ओढला, गोंजारला. दांडा हलत होता, पण आत गिअर जो रिव्हर्सला बसला तो बसलाच!

"अहो, आपण वसमतला परत चाललोय का?" शोभानं मागून विचारलं.

तिनं फोन लावून औंढ्याच्या एका मेकॅनिकला गाठलं. तो म्हणाला, दुपारनंतर आत्याच्या गावात येतो. ऊन चढायला लागलं होतं, अण्णांना पायी चालवणार नव्हतं, आणि तिकडं ऐंशी ओलांडलेली म्हातारी उपाशी बसलेली. तेव्हा मला युक्ती सुचली. (माझ्या बहुतेक अपघातांची सुरुवात याच वाक्यानं होते.)

"रिव्हर्स तर पडतोय ना? मग रिव्हर्सनंच जाऊ!"

पण गाडीचं तोंड गावाकडं होतं. तिची पाठ गावाकडं करायची तर गोल फिरवायला मोकळी जागा हवी. शेजारच्या शेतात तशी जागा होती, फक्त तिच्या मधोमध ताडपत्र्यांवर शिजवलेली हळद वाळत घातली होती. मी मान मागं वळवून गाडी आत घातली.

"हळद! हळद!" तिथल्या बाया धावत आल्या. "अवो पाव्हणं, पुढं बघा की!"

"पुढं बघून काय करू? मी मागं चाललोय!"

ब्रेक लागला. (अण्णा, ब्रेक बघितला होता!) मागचं एक चाक हळदीच्या काठावर जाऊन थांबलं. नुकसान झालं नाही, पण टायर पिवळाधमक झाला. एक म्हातारी गाडीभोवती चक्कर मारून म्हणाली, "नवरीला हळद लागली. आता नेऊन टाका बाई हिला लवकर."

गाडी फिरली एकदाची. पण रस्त्यावर आल्यावर मी शंभर पावलांत तीनदा बांधाला टेकलो. चौथ्यांदा अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उतर खाली."

"अण्णा, तुमचं लायसन कधीच संपलंय."

"पुढं जायचं संपलंय. मागं जायला काय लागतंय?"

ते स्टेअरिंगवर बसले. धोतराच्या सोग्यानं आरसा पुसला. पाठ ताठ झाली. मागं न बघता म्हणाले, "सूनबाई, मागची काच तुमच्याकडं. एक टोला थांबायला, दोन टोले जायला."

शोभानं पुरणपोळीच्या डब्यावर चमच्यानं दोन टोले दिले. टण टण!

आणि गाडी अशी सरळ मागं निघाली, सुतानं ओढल्यासारखी! मी शेजारी बसून काचेतून बघत होतो. आजवर मी रस्त्यावरच्या सगळ्या गोष्टी अंगावर येताना पाहिल्या होत्या. पहिल्यांदाच त्या निघून जाताना बघत होतो. पळस हळूहळू लहान होत गेला. हळदीच्या बायांनी हात हलवला आणि त्याही पिवळ्या ठिपक्यांएवढ्या झाल्या. धूळ आमच्यापासून लांब लांब जाऊन उन्हात विरघळत होती. कुणीतरी आपला सगळा दिवस अलगद मागं गुंडाळून घेतंय, असं वाटत होतं.

"सपान बघू नको, खांब बघ!" अण्णा ओरडले.

खांब चुकला, तर समोरून मेंढरं आली. धनगराचा अख्खा कळप गावाकडं निघालेला, आमच्याच दिशेनं. त्यामुळं आमचं बोनेट आणि पहिल्या मेंढ्याचं तोंड यांत हातभर अंतर. आम्ही मागं सरकायचो, तो पुढं यायचा. आम्ही थांबलो की तो थांबायचा. दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत गावाला चाललो होतो. कळपामागचा धनगर काठीवर हनुवटी टेकून मला म्हणाला, "पाव्हणं, भिऊ नका. मारका न्हाई तो."

"आमी भिऊन न्हाई सरकून राहिलो!" मी काचेतून ओरडलो.

"मग काहून मागं चालले?"

याला उत्तर होतं, पण लांब होतं.

गावाच्या तोंडाशी लिंबाखाली गोदाआत्या काठी धरून उभी होती. सकाळपासून. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. तिला दिसली ती निळी गाडी, गावाकडं पाठ केलेली, आणि वसमतकडं तोंड करून बसलेला तिचा भाऊ.

"आगं बाई, आला अन् चालला बी!" ती किंचाळली. गुडघे गेलेली म्हातारी वाऱ्यासारखी आली आणि डिकीवर दणादण काठी मारायला लागली. "लक्ष्या! न भेटता जाऊन राहिला व्हय रे! थांबवा त्याला!"

शोभानं डब्यावर एक टोला दिला. गाडी थांबली. अण्णांनी खिडकीतून डोकं काढलं, हसू आणि रडू त्यांना एकदमच आलं.

"अक्का, मारू नको! जाऊन न्हाई राहिलो, येऊन राहिलो!"

आत्यानं जवळ येऊन दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपलं. कान, गाल, कपाळ. मग काठी टाकून दिली आणि म्हणाली, "वाळलास रे." यावर आजूबाजूला जमलेलं सगळं गाव दोन पावलं मागं सरकलं. तो मेंढासुद्धा.

जेवणं झाली. आत्याला गाडीत बसायचं होतं, म्हणून लिंबाच्या सावलीत उभ्या गाडीतच दोघं मागच्या सीटवर बसले. आत्या अधूनमधून त्यांचा हात हातात घ्यायची, परत सोडायची. गाडी जागची हलत नव्हती, पण दोघंही काचेबाहेर असं बघत होते, जणू गाव, झाडं, वर्षं सगळं बाजूनं चाललंय. लिंबाची बारीक फुलं टपावर पडत होती. मी ओट्यावर पडून ते चित्र पाहत होतो. माझ्या चित्रापेक्षा ते फार चांगलं होतं.

तेवढ्यात मोटरसायकलवरून मेकॅनिक आला. त्यानं बोनेट उघडलं, आत हात घातला, दोन मिनिटांत काहीतरी काढलं, फिरवलं, बसवलं. पहिला गिअर टाकला, गाडी पुढं गेली.

"सर, हा जोड उलटा बसवला होता," तो हात पुसत म्हणाला. "कोण्या मेस्तरीनं केलं हे?"

शोभाला एकदम लिंबाच्या शेंड्यावर काहीतरी दिसलं. अण्णा बशीतल्या चहाला फुंकर घालायला लागले.

"आहे एक, वसमतचाच," मी म्हणालो.

"त्याला गाडीला हात लावू देत जाऊ नका, सर. एखाद्या दिवशी जीव घेईल कुणाचा."

मी मान डोलावली, आणि शब्द पाळलाय. गेली तीन वर्षं मी त्या माणसाला गाडीजवळ फिरकूसुद्धा दिलेलं नाही. (रविवार सोडून.)