भोंग्यातला बाबा

बसस्थानकाच्या मंजुरीपत्रकात निवेदकाची दोन पदे होती. त्यांपैकी एका पदावरचा गृहस्थ निवृत्त झाला, त्याला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवण्यात आले, आणि त्याच्या जागी माणूस येईपर्यंत दुसऱ्याने दोन्ही पाळ्या सांभाळाव्यात अशी तात्पुरती व्यवस्था झाली. ही व्यवस्था पाच महिन्यांची झाली तेव्हा या दुसऱ्या निवेदकाला मुलगी झाली. मुलगी रांगू लागली, उभी राहिली, धावू लागली. व्यवस्था मात्र तात्पुरतीच राहिली. कचेरीच्या भाषेत जे संपवायचे नसते त्याला तात्पुरते म्हणतात, हे ज्ञान त्याला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी झाले.

पहाटे साडेपाचला तो घराबाहेर पडे तेव्हा मुलगी झोपलेली असे आणि रात्री नऊला परते तेव्हाही झोपलेलीच असे. तिची त्याला असलेली ओळख आडवी होती. ती वाढते आहे, हे त्याला पांघरुणाबाहेर आलेल्या पायांवरून कळे. ती दिवसभर एका जागी ठरत नाही म्हणून आईने तिचे नाव भिंगरी ठेवले होते, पण भिंगरी फिरताना त्याने क्वचितच पाहिली होती.

घर दूर होते असेही नव्हे. स्थानकाच्या मागच्या भिंतीला लागून जी जुनी इमारत होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर तो राहत असे. भिंतीला दार नव्हते. वळसा घालून जायचे तर वीस मिनिटे लागत. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी कागदावर होती, परंतु दर चार मिनिटांनी एक गाडी सुटत असताना घास घ्यायचा तो दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. काचेच्या खोलीत, लाल दिव्यासमोर बसून तो दिवसाकाठी दोनशेहून अधिक गाड्यांची नावे प्रत्येकी दोनदा उच्चारी. उच्चार स्वच्छ, आवाज भरदार. लांबच्या गावचे प्रवासी म्हणत, गाडी चुकली तरी ऐकायला बरे वाटते.

या आवाजासाठी खांबावर चार भोंगे बसवलेले होते. त्यांतला एक, कोणा दूरदर्शी अधिकाऱ्याच्या कृपेने, प्रवाशांकडे पाठ करून थेट निवेदकाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून होता. त्याविषयी त्याने पूर्वी दोन तक्रारअर्ज केले होते. दोन्हींची पोच मिळाली होती.

पुढचे सगळे घडले ते या भोंग्यामुळे, आणि बायकोच्या एका निरुपद्रवी चुकीमुळे. बायको घरी पडदे शिवत असे. पडद्यांच्या दुकानाची घाई, शिलाईयंत्रावर अर्धवट कापड, सुया लपवून ठेवलेल्या, आणि अकरा महिन्यांची भिंगरी तोंड घट्ट मिटून बसलेली. घास पुढे केला की मान उजवीकडे, पुन्हा केला की डावीकडे. अशा एका दुपारी बायकोने वैतागून तिला कडेवर घेतले आणि खिडकीशी उभी राहिली. तेवढ्यात भोंगा बोलला. "तो बघ बाबा," बायको भोंग्याकडे बोट दाखवत म्हणाली, "ऐक, बाबा काय म्हणतोय!" मुलीने तोंड उघडले ते आश्चर्याने, बायकोने त्यात घास सारला. त्या दिवसापासून जेवण खिडकीत होऊ लागले. फलाट क्रमांक तीन, एक घास. फलाट क्रमांक सात, दुसरा घास. गाड्या उशिरा धावल्या की जेवण लांबे. चालकांनी एक दिवस संप केला तेव्हा भिंगरीने कडकडीत उपास केला.

निवेदकाला हे हसत हसत सांगितले गेले आणि तोही हसला. लेक आपला आवाज ऐकून जेवते, हे कोणत्या बापाला आवडणार नाही?

त्याची सुट्टी गुरुवारी असे. त्याला बदली माणूस नव्हता, म्हणून गुरुवारी निवेदनच नसे, आणि भिंगरीही जेमतेम दोन घास खाई. प्रवासी एकमेकांना विचारत आणि बहुधा बरोबर गाडीत बसत, ही गोष्ट त्याला मनातून खुपे. भिंगरी सव्वादोन वर्षांची झाली तेव्हा अशाच एका गुरुवारी मेव्हणी आली होती. तो मुलीशेजारी जमिनीवर बसून लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होता. मुलगी सभ्यपणे एकेक ठोकळा त्याच्या हाती देत होती, जसे परक्याला द्यावे तसे.

"भिंगरे, हा कोण गं?" मेव्हणीने विचारले.

"काका."

"काका काय?" बायको यंत्र थांबवून म्हणाली. "बाबा आहे तो तुझा. बाबा म्हण."

"नाही." भिंगरी उठली, खिडकीशी गेली आणि टाचा उंचावून गप्प भोंग्याकडे पाहत राहिली. "बाबा तिथे. बाबा झोपला."

मेव्हणीची हसून मुरकुंडी वळली. "भाऊजी, हिनं तुम्हाला जिवंतपणी खांबावर टांगलंय, कळलं का?"

तो हसला. हसता हसता त्याच्या ध्यानात आले, की मुलगी खिडकीतून हलत नव्हती. मधूनमधून ती हाक मारी, "बाबा, ऊठ!" आणि वाट पाही. आठवड्यातून ज्या एका दिवशी तो घरी असे, त्याच दिवशी तिचा बाप तिला सोडून गेलेला असे. ती त्याच्यासाठी झुरत होती आणि तो तिच्यापासून चार हातांवर ठोकळा धरून बसला होता.

त्या संध्याकाळी त्याने पाळी कमी करण्याचा पहिला अर्ज लिहिला. सहा अर्ज झाले. प्रत्येक अर्जाची भाषा आदल्याहून विनम्र आणि हेतू आदल्याहून कडवट होता. सातव्याच्या आधी स्थानकप्रमुखांनी बोलावले.

"तुमचं काम झालं म्हणून समजा," ते म्हणाले. "यंत्र येतंय. तुमचाच आवाज भरून घेऊ. मग तुम्ही चौकशीच्या खिडकीत. आठ ते चार. खूश?"

खूश नसायला काय झाले? दोन दिवस बंद खोलीत बसून त्याने आकडे, वेळा, गावांची नावे आणि 'सुटण्याच्या तयारीत आहे' असे सगळे वेगवेगळे उच्चारून दिले. यंत्रवाला सारखा टोकत होता, "आवाजात माया नको हो, तुकडे जुळवले की जोड कळतो." वीस वर्षांत त्याच्या आवाजात माया आहे असे कोणी प्रथमच म्हणत होते, आणि तेही ती काढून टाका म्हणून.

पहिल्या दिवशी तो साडेचारला घरी पोहोचला. उजेडात घराचा जिना चढण्याची सवय नसल्याने एक मजला जास्तच चढला. दार लोटले. भिंगरी खिडकीतल्या स्टुलावर बसली होती, गालावर भात, एका पायात मोजा. बाहेर त्याचाच आवाज फलाट क्रमांक पाचवरची गाडी सांगत होता.

"मी आलो!" तो म्हणाला.

मुलीने वळून पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले. "गप. बाबा बोलतो."

पुढचे पंधरा दिवस त्याने काय केले नाही? भोंग्याबरोबर तीच वाक्ये तो त्याच सुरात म्हणू लागला. वीस वर्षांचे पाठांतर, एक अक्षर पुढेमागे होत नव्हते. मुलीने भोंग्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि आपला चिकट तळवा त्याच्या तोंडावर दाबला. "काका नको." त्याने तिला घोडा होऊन पाठीवर घेतले. तिला ते फार आवडले. घोडा म्हणून तो मान्य होता.

दरम्यान एक शिक्षणही चालू होते, ज्याचा अभ्यासक्रम त्याला ठाऊक नव्हता. दुकानाची निकड असली की बायको मुलीला त्याच्यावर सोपवी. चपला घालायला पाऊण तास. "मी घालते" म्हणून उजवी डाव्या पायात. काढून बरोबर घातली की आक्रोश. पुन्हा चुकीची घातली की शांतता. दार उघडून जिन्यापर्यंत पोहोचल्यावर "शू". त्याचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडे. एकदा त्याने घड्याळाकडे पाहिले, त्याच्या मते दोन तास झाले होते, प्रत्यक्षात पंचवीस मिनिटे.

"दमलात?" बायकोने विचारले.

"छे."

"मग पाणी का पुसताय चौकशीखात्याच्या शर्टानं?"

आणि तरी, पाणी सांडून झाल्यावर ती त्याच्याकडे भुवई वर करून जो कटाक्ष टाकी, 'आता काय करशील?' असा, त्यासाठी तो दिवसभर चौकशीच्या खिडकीत बसून चारची वाट पाही. तिला सगळे देता येत होते: घोडा, ठोकळे, चपला. तिच्याकडून एक शब्द तेवढा मिळत नव्हता, आणि तो ज्याला मिळत होता त्याला कान नव्हते.

म्हणून त्याने सातवा अर्ज लिहिला: यंत्रातून आपला आवाज काढावा.

स्थानकप्रमुखांनी चष्मा काढला. "अहो, लोक आपला आवाज घ्या म्हणून मागे लागतात. कारण काय लिहिलंय, 'घरगुती'? घरात भांडण झालं का भोंग्यावरून?"

"तसंच काहीसं, साहेब."

"मुख्य कचेरीकडं एका बाईंचा आवाज तयार आहे. एक तारखेला बदलून टाकू. तुमचं समाधान, आमचंही."

घरी त्याने ही बातमी विजयाच्या सुरात दिली. बायकोने शिलाईयंत्रावरचा पाय काढला.

"एक तारखेला तिला काय सांगायचं? बाबा गेला?"

"बाबा आहे ना घरात."

"ते तुम्हाला माहितीय, मला माहितीय. तिचा एक बाप आहे, अहो. सकाळी उठल्यापासून तिच्याशी बोलतोय. तुम्ही नव्हतात तेव्हा तोच होता." तिने मांडीवरचा पडदा बाजूला सारला. "तुम्हाला मागं खोकला झाला होता ना, आठ दिवस? भोंग्यात खोकलात की ती घास तोंडात तसाच धरून ठेवायची. खोकला थांबेपर्यंत चावायची नाही. मी पाहिलंय. आता ते यंत्र खोकत पण नाही."

त्या आठ दिवसांची किरकोळ रजासुद्धा त्याला मंजूर झाली नव्हती. घसा धरून तो काचेच्या खोलीत बसला होता आणि या स्थानकात आपली कोणाला पर्वा नाही असे त्याचे पक्के मत झाले होते. भिंतीपलीकडे कोणी त्याच्यासाठी जेवायचे थांबले होते. हे त्याला कोणी कळवले नव्हते, आणि कळवायचे तर त्याला त्या वेळी ऐकायला वेळ नव्हता.

महिनाअखेरीच्या दिवशी तो स्थानकप्रमुखांपुढे उभा राहिला.

"अर्ज मागं घेतो, साहेब."

"आधी पाळी नको, मग आवाज नको, आता आवाज हवा." प्रमुखांनी शिपायाकडे पाहून मान हलवली. "बाईंच्या आवाजाचं पत्र तयार झालं होतं हो. नक्की एकदा ठरवा, तुम्हाला काय पाहिजे?"

काय पाहिजे हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यासाठी कचेरीत विहित नमुना नव्हता.

त्या संध्याकाळी त्याने भाताची वाटी स्वतः घेतली आणि खिडकीशी बसला. भिंगरीने त्याची पाहणी केली, मग पाठ त्याच्या छातीला टेकवून त्याच्या मांडीवर बसली, कारण तिथून भोंगा जास्त चांगला दिसे. भोंगा बोलला. तिने तोंड उघडले. त्याने घास दिला. बोट तिच्या दातांना लागले. किती दात आले आहेत ते त्याला नव्याने कळले. फलाट क्रमांक दोन. फलाट क्रमांक नऊ. स्वतःचा मायेविना आवाज तो ऐकत होता आणि तिच्या पाठीतून तिचा श्वास त्याच्या छातीला लागत होता. असे बसून तिला सांगायला त्याच्याकडे खूप होते, पण बोलले तर ती तळवा दाबेल, म्हणून तो गप्प राहिला.

मध्येच तिने वाटीत हात घातला, मूठभर भात उचलला आणि खिडकीच्या गजांतून बाहेर धरला.

"बाबा, खा."

भोंगा काही म्हणाला नाही. दोन गाड्यांच्या मधली वेळ होती. तिने हात आणखी लांब केला, भाताची शिते खालच्या पत्र्यावर पडली. ती थांबली. बऱ्याच वेळाने तिने हात आत घेतला, उरलेल्या भाताकडे पाहिले आणि मग मान वळवून त्याच्याकडे.

"बाबा नको म्हणतो," ती म्हणाली. "तू खा."

त्याने तोंड उघडले. तिने आपली पाचही बोटे आत घातली, जितका भात गेला तितका गेला, बाकीचा त्याच्या हनुवटीला फासला, आणि तो नीट चावतो आहे ना याची खात्री होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. मग बाहेर फलाट क्रमांक तीनची गाडी लागली, आणि ती पुन्हा खिडकीकडे वळली.