वासुदेवच्या पाठीमागचा डोंगर

मनोरमाला कोणी "तुला जमणार नाही" म्हटलं, की ती गोष्ट झालीच म्हणून समजा. लग्न होऊन नरपडला आली तेव्हा सासू म्हणाली होती, हिला डहाणूच्या मासळी बाजारात बसायला जमायचं नाही. वर्षभरात गिऱ्हाईक हिच्याच पाटीपुढे थांबायला लागलं आणि सासू घरी बसली. स्कूटर अशीच शिकली. पडली, हात मोडून घेतला, प्लास्टर निघाल्यावर पुन्हा शिकली. त्यामुळे पंचायतीत बायकांसाठी संगणकाचा वर्ग निघाला आणि शिकवणारी मुलगी तिला म्हणाली, "मावशी, तुम्ही नुसत्या बसून बघा," तेव्हाच मला कळलं की आता ही बाई ऐकायची नाही.

मी तिची शेजारीण. शाळेत शिकवते, नवरा रेल्वेत, घरात इंटरनेट. म्हणून मनोरमाची सगळी खटपट माझ्या ओटीवर चालायची. तिला आपल्या सुक्या बोंबलांची वेबसाइट काढायची होती. व्यापारी तिचा माल उचलतो आणि मुंबईत दुसऱ्याच नावाने विकतो, याचा तिला भयंकर राग. "बोंबील मी सुकवायचे आन नाव त्याचं?" असं म्हणून ती माझ्या कीबोर्डवर असा हात आपटायची, की मला कीबोर्डची काळजी वाटे. सर्व्हर, होस्टिंग हे शब्द तिने दोन दिवसांत पचवले. "बाजारातला ओटा भाड्याने घेतो ना बाई, तसंच हाय. जागा त्यांची, पाटी आपली."

एका रविवारी दुपारी पाटी मांडली. तिने फाइल निवडली, अपलोडची पट्टी हळूहळू भरत गेली, पत्ता टाकला आणि पान उघडलं. तिचं नाव, फोन नंबर, बोंबील, करंदी, सुकट, सगळं जागच्या जागी. फक्त फोटोंच्या जागी दोन रिकामे चौकोन. मी म्हटलं, राहू दे, असंच छान दिसतंय. पण ऐकेल तर ती मनोरमा कसली! फोटो वेगळे चढवायला लागतात हे तिने शोधून काढलं आणि दोन्ही चढवले. चौकोन भरले. ती खुर्चीतल्या खुर्चीत अशी हसली, की मी चहा टाकायला उठले.

दोन्ही फोटो तिच्या मुलाने, गौरवने, होडीतून काढलेले. एकात तिचा नवरा वासुदेव, दोन्ही हातांवर भला मोठा घोळ मासा तोललेला. पाठीमागे लांब किनारा, थर्मल वीजकेंद्राची चिमणी आणि बरोबर चिमणीच्या डोक्यावर महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका. दुसऱ्यात वासुदेव एका बाजूला वळलेला, मागे देवळाचा कळस, कळसाला चिकटून पाण्याची टाकी. खाली मनोरमाने लिहिलं होतं, "आमचे मासे इथून येतात."

पहिला फोन त्याच आठवड्यात आला. माणूस मराठीच बोलत होता, मधूनमधून गुजराती शब्द, म्हणजे आपल्याकडे सगळेच बोलतात तसा. साइट आवडली म्हणाला. फोटो जरा मोठे पाठवाल का, मागचं नीट दिसत नाही. मनोरमाने विचारलं, बोंबील किती पाठवू? तो म्हणाला, ते नंतर बघू, बेन. हिने दोन्ही फोटो पाठवले आणि मला सांगायला धावत आली.

"मासे घेणाऱ्याला डोंगर कशाला हवा ग?" मी विचारलं.

"शहरातली माणसं, बाई. त्यांना डोंगर आवडतो."

मग आणखी फोन आले, वेगवेगळ्या नंबरांवरून. एकाने विचारलं, हा फोटो भरतीचा की ओहोटीचा? दुसऱ्याने विचारलं, चिमणीची डावी कड दिसते की उजवी? पान किती जणांनी उघडलं हा आकडा रोज चढत होता आणि बोंबलांचं एकही पाकीट हलत नव्हतं. मला ते लक्षण अजिबात आवडलं नाही. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, आधी बघतात, मग घेतात, बाजारातही तसंच असतं.

वासुदेव कामापुरतं बोलणारा माणूस. बायको संगणकावर काहीतरी करते एवढंच त्याला ठाऊक. एका संध्याकाळी तिने त्याला हाताला धरून माझ्या ओटीवर आणलं आणि पान दाखवलं. त्याने आधी घोळ बघितला, थोडा हसला. मग मागचं बघितलं. दुसऱ्या फोटोवर तर तो इतका वेळ थांबला, की मला वाटलं त्याला दिसत नाहीये. हातातला कप त्याने खाली ठेवला.

"हे कोणी कोणी बघितलं?"

मनोरमाने अभिमानाने आकडा सांगितला.

आम्हा दोघींनाही काही कळेना, तेव्हा त्याने ते सांगितलं. समुद्रात रस्ता नाही, पाटी नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागे एक आल्या की ती एक रेघ. दुसऱ्या बाजूला आणखी दोन खुणा जुळल्या की दुसरी. दोन्ही रेघा जिथे मिळतात तिथे पाण्याखाली त्याच्या आजोबाने शोधलेला खडक होता. घोळ तिथेच यायचा, आणि हे घर त्या घोळावरच उभं होतं. आजोबाने बापाला सांगितलं, बापाने वासुदेवला. जीपीएसच्या यंत्रातसुद्धा त्याने तो कधी घातला नव्हता, कारण यंत्र दुरुस्तीला परक्याच्या हातात जातं. दुसरी होडी दिसली की तो अलीकडेच थांबून खोटंखोटं जाळं टाकत बसायचा. गौरवने फोटो काढला तेव्हा बापलेक दोघेही माशाकडे बघत होते.

आणि मनोरमा? आमच्यात बायका होडीवर जात नाहीत. तिने चिमणी आणि सुळका इतकी वर्षं किनाऱ्यावरून पाहिलेले, तिथून ते एकमेकांपासून लांब लांब उभे दिसतात. तिला त्या फोटोत फक्त आपलं गाव दिसलं होतं.

तिने तिथल्या तिथे दोन्ही फोटो सर्व्हरवरून काढून टाकले. चौकोन पुन्हा रिकामे झाले.

"काढले. आता नाय दिसत कोणाला."

"आन तू फोनवर पाठवलेले?" वासुदेवने विचारलं.

मला तिची इतकी दया आली, की मी उगाच कप उचलून आत गेले.

त्यानंतर वासुदेव समुद्रावरून आला की मनोरमा दारात उभी असायची आणि त्याचं तोंड बघायची. आधी एक अनोळखी बोट लांब उभी राहून निघून गेली. मग दोन आल्या. त्यातल्या एकाने ओळख असल्यासारखा हात केला. मग एक दिवस बापलेक भर सकाळी परत आले, गळाची दोरी कापलेली. मोठ्या जाळ्यांच्या बोटींनी घेर घातला होता, ह्यांना जवळ येऊ देईनात. गौरव मला म्हणाला, "बाई, त्यांच्या बोटीच्या टपावर एकजण फोन धरून उभा होता. फोनात बघायचा, मग किनाऱ्याकडं बघायचा आन बोट जरा सरकवायला सांगायचा."

त्याच दिवशी पुण्याहून बोंबलांची पहिली ऑर्डर आली. मनोरमाने पाकिटं भरली, पत्ता लिहिला. रडू येत होतं तरी बांधणी पक्की केली.

बोटी महिनाभर राहिल्या. गेल्या तेव्हा खडकावर त्यांची फाटकी जाळी अडकून पडली होती आणि घोळ फिरकेनासा झाला. वासुदेव रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. मनोरमाला तेच सोसवेना. ती भांड्यांवर, कोंबड्यांवर, गौरववर ओरडायची आणि मध्येच थांबायची.

परवा सकाळी मी किनाऱ्यावर फिरायला गेले होते. होडी पाण्याच्या कडेला, गौरव आत बसलेला, मनोरमा डबा घेऊन आलेली. आमच्या गावात समुद्रावर निघालेल्या माणसाला कुठे चाललास असं कोणी विचारत नाही. बायको तर नाहीच नाही. मनोरमाने संसारात एकदाही विचारलं नव्हतं.

वासुदेवने होडीच्या काठावर हात ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. टोमणा नव्हता. आजोबाचा खडक गेला होता, दुसरी जागा ठाऊक नव्हती; त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मनोरमा," तो म्हणाला, "कुठं जाऊ?"

ती डबा धरून उभीच राहिली. त्याने होडी ढकलली नाही.