भिंतीपलीकडे दिलेली लाइन

क्युबातल्या मानसानिल्यो शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नेलिदा बोसाने एकतीस वर्षं नोकरी केली. सांतियागोचा कॉल हवानाला, हवानाचा बायामोला, असं माणसांना जोडून द्यायचं आणि लगेच कान काढून घ्यायचा. बाकीच्या मुली चवीने ऐकत बसायच्या. नेलिदा वायर खोचली की विणकाम हातात घ्यायची. नाकासमोर चालणारी बाई म्हणून ती ओळखली जायची. नोकरीमुळेच चौऱ्याऐंशी साली तिच्या घरी फोन आला, तेव्हा अख्ख्या गल्लीत दुसरा फोन नव्हता.

आई अंथरुणाला खिळली ती सात वर्षं. धाकटी बहीण एनेइदा तेव्हा नवऱ्याबरोबर बायामोला होती. बसने दीड तासाचं अंतर, पण दरवेळी तिचं काहीतरी निघायचं. आई गेली आणि वर्षभरात एनेइदाचा संसार मोडला. ती मुलाला, लेओस्बेलला, घेऊन परत आली आणि तिने अर्धं घर मागितलं. कागदावर तिचा हक्क होताच. गवंडी आला, हॉलच्या मधोमध भिंत उभी राहिली. विटा छातीपर्यंतच पुरल्या, वरचं काम प्लायवुडने भागवलं. हॉलची खिडकी एनेइदाकडे गेली, स्वयंपाकघर नेलिदाकडे राहिलं, आणि दोघींत अबोला आला. नऊ वर्षं. भिंतीपलीकडे एनेइदा खोकली तरी नेलिदाला कळायचं की सर्दी आहे की विडी. पण “कशी आहेस” म्हणून कोणी विचारलं नाही.

नेलिदाचा नवरा रिगोबेर्तो एक्स-रे काढायचा. दोन वर्षं व्हेनेझुएलाच्या दवाखान्यात नोकरी करून तो एक लॅपटॉप घेऊन आला आणि पुढच्याच वर्षी वारला. मूलबाळ नव्हतं. मग घरोघरी इंटरनेट द्यायला सुरुवात झाली तेव्हा ज्यांच्याकडे जुनी टेलिफोन लाइन होती त्यांचा नंबर आधी लागला. नेलिदाचा लागला. महिन्याला तीस तास. मोडेमला फक्त वायर जोडायची सोय होती, म्हणून लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला आला. अर्जावर सही करताना तिने अट वाचली होती: जोडणी घराबाहेर कोणालाही द्यायची नाही. ती अट न वाचता सही करणाऱ्यांतली ती नव्हती.

त्याच सुमारास लेओस्बेल उरुग्वेला निघून गेला.

एकदा भर दुपारी रेशनचं तेल घेऊन येताना नेलिदाला चौकातल्या बागेत एनेइदा दिसली. शहरात वाय-फाय फक्त तिथे मिळायचं, त्यामुळे बाकांवर, पायऱ्यांवर माणसं खांद्याला खांदा लावून फोनशी बोलत होती. एनेइदाला सावलीतली जागा मिळाली नव्हती. उन्हात उभी राहून ती फोनकडे बघून रडत होती आणि शेजारचा एक माणूस स्वतःचं बोलणं थांबवून तिचं ऐकत होता.

नेलिदाला तो माणूस सहन झाला नाही.

संध्याकाळी ती लॅपटॉपसमोर बसली. हॉटस्पॉट कसं चालू करायचं ते तिने एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणीला फोनवरून विचारून घेतलं. जोडणीला नाव हवं होतं, तिने आईचं दिलं: आम्पारो. मग उठली आणि नऊ वर्षांनी प्लायवुडवर बोटं वाजवली.

“फोनमध्ये बघ. आम्पारो नावाचं काही दिसतंय का?”

पलीकडे खुर्ची सरकली. मग एनेइदाचा आवाज आला, “दिसतंय.”

“ते माझ्या कॉम्प्युटरवरून येतंय. पासवर्ड म्हणजे आईचा वाढदिवस. दिवस, महिना, साल.”



“मार्चमध्ये ना?”

“ऑगस्ट,” नेलिदा म्हणाली. “एकोणीस ऑगस्ट. साल तरी आठवतंय की तेही सांगू?”

सालही सांगावं लागलं.

त्यानंतर दोन वर्षं हा क्रम चालला. सहा वाजले की प्लायवुडवर टकटक व्हायची आणि नेलिदा लॅपटॉप उघडायची. लॅपटॉप मिटला की पलीकडचं बोलणं तुटायचं, म्हणून एनेइदाचं संपेपर्यंत ती टेबल सोडायची नाही. तीसपैकी वीस-बावीस तास भिंतीपलीकडे जायचे. तिची स्वतःची गरज फारशी नव्हती. पाककृती बघायची, कधी रिगोबेर्तोच्या व्हेनेझुएलातल्या मित्राला मेल लिहायची. लेओस्बेलला बेकरीत काम लागलं, त्याला थंडी सोसत नाही, त्याला मुलगी झाली, हे सगळं नेलिदाला सांगायला कोणाला यावं लागलं नाही. एकतीस वर्षं न ऐकलेलं ती आता ऐकत होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. पोरीचं नाव कळलं त्या दिवशी तिने खीर केली आणि वाटी परसातल्या कुंपणावरून दिली. वाटी धुऊन परत आली. नेलिदाचं समाधान तेवढ्यावर झालं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एनेइदा फोन घेऊन परसात जायला लागली. टकटक व्हायची, हॉटस्पॉट चालू व्हायचा, पण आवाज यायचा नाही. तिथे वारा बरा असेल, असं नेलिदाने धरून चाललं.

मग एका शनिवारी समोरची न्हावीणबाई नेलिदाचे केस कापता कापता म्हणाली, “बहीण मुलाकडे निघाली म्हणे. घराचे फोटो छान आलेत. अंगणातला तुझा पेरूही दिसतोय.”

नेलिदा अर्धे केस कापलेलेच ठेवून घरी आली. घरं विकण्याची साइट शोधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. पाच फोटो होते. खाली लिहिलं होतं: दोन खोल्या, परस, पाण्याची टाकी, चोवीस तास इंटरनेट.

ती एनेइदाच्या दारात गेली. या दारातून ती भिंत बांधल्यापासून आत गेली नव्हती. आत बॅगा भरून तयार होत्या.

“कधी जाते आहेस?”

“येत्या गुरुवारी.” एनेइदाने मान वर केली नाही. “सांगणार होते.”

“कधी? विमानातून?”

“तुला आधी सांगितलं असतं तर तू नेट बंद केलं असतंस. मग गिऱ्हाईक कसं बघायचं होतं मी? बागेत उभी राहून?”

नेलिदाने भरलेल्या बॅगांकडे पाहिलं. आपण खरंच बंद केलं असतं का, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं, आणि पुढेही कधी आलं नाही.

“जाहिरातीत माझं इंटरनेट कशाला घातलंस?”

“त्याच्याशिवाय कोणी विचारत नव्हतं,” एनेइदा म्हणाली. “दोन खोल्या, खिडकी एक, मध्ये प्लायवुड. काय लिहायचं होतं? तुझे केस असे काय झालेत?”

गुरुवारी सकाळी टॅक्सी आली. एनेइदाने मिठी मारली, नेलिदाने मारू दिली.

नवीन माणसं सोमवारी आली. माएलिन आणि तिचा नवरा, तिशीतलं जोडपं. सामान उतरायच्या आधीच नवरा नेलिदाच्या दारात उभा. “पासवर्ड द्या.”

“कसला?”

“नेटचा. घराबरोबर घेतलंय आम्ही.”

“ज्यांनी विकलं त्यांच्याकडे मागा. ते त्यांचं नव्हतंच.”

तो बराच वेळ मोठ्याने बोलत राहिला. पंधरा दिवसांनी टेलिफोन कंपनीच्या ऑफिसातून विल्फ्रेदो आला. पंचवीस वर्षांपूर्वी नेलिदानेच त्याला एक्स्चेंजचा बोर्ड शिकवला होता. आता तो तपासनीस होता. जाहिरातीची छापील प्रत त्याने टेबलावर ठेवली, तीही उलटी, जणू ती सुलटी ठेवायला त्याला संकोच वाटत होता. नवीन शेजाऱ्यांनी तक्रार केली होती.

“नेलिदा, तुम्ही एवढंच लिहून द्या,” तो म्हणाला, “की बहिणीने खोटी जाहिरात केली. तुम्ही कधी कोणाला लाइन दिली नाही. ती तर देशातच नाही, तिला कोण विचारणार आहे? मी फाइल बंद करतो.”

त्याने पेनही पुढे केलं. नेलिदाने कॉफी ओतली, त्याच्यापुढे ठेवली, आणि समोर बसली.

“दिली होती,” ती म्हणाली. “दोन वर्षं. रोज.”

“मी ऐकलं नाही असं समजतो.”

“मग परत सांगते. ती खोटारडी असेल, पण हे खोटं नाही. माझ्या भाच्याच्या पोरीचं नाव मला या लाइनमुळे कळलं. ते कधी झालंच नाही असं मी लिहून देणार नाही.”

विल्फ्रेदोने कॉफी संपवली. मग मोडेमची वायर काढली, ती हाताभोवती नीट गुंडाळली आणि मोडेम पिशवीत टाकला. टेलिफोन मात्र त्याने राहू दिला. दारात तो म्हणाला, “लोक ही लाइन मिळावी म्हणून दोन-दोन वर्षं थांबतात.” नेलिदाला ते माहीत होतं.

दोनेक महिन्यांनी माएलिन एकटीच फाटकापाशी आली. नवरा बरोबर असला की ती नमस्कारही करायची नाही. हातात फोन होता.

“बाई, तुमच्या बहिणीचा मेसेज आलाय मला. तुम्ही ऑनलाइन का नसता विचारतायत. रागावलात का, म्हणतायत. नातीचे फोटो पाठवलेत, ते तुम्हाला मिळाले नाहीत म्हणतात.”

“तुझ्याकडे आहेत फोटो?”

“मला नाही पाठवले.”

नेलिदाने ओले हात ॲप्रनला पुसले. “तिला लिही, रागावले नाही. आणि लिही की घरचा फोन चालू आहे. नंबर तोच आहे, आईच्या वेळचा.”

“तिकडून फोन करायला फार महाग पडतं, बाई.”

“माहीत आहे. तरी लिही.”

दुसऱ्या दिवशी बागेतून परत येताना माएलिन पुन्हा फाटकापाशी थांबली.

“पाठवला. वाचलाय त्यांनी.”

“मग?”

“वाचलाय एवढंच दिसतंय.”

नेलिदाने मान हलवली, तिला दोन पेरू दिले आणि आत गेली.