आउनेचं लाल धनुष्य

मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, लेक सुपीरियरजवळच्या गावात रेइनो मात्तिला राहत असे. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, आणि जुन्या धनुष्यांचा वेडा. गॅरेजची एक अख्खी भिंत धनुष्यांनी भरली होती. सगळी शिकारीची, त्याच्या तरुणपणी बनलेली, टोकांशी पुढे वळलेली. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या अंगणातल्या जुन्या सामानातून एकेक आणायचं, धनुष्याची पीळ पडलेली पाती गरम पाण्याने शेकून सरळ करायची, नवी दोरी चढवायची आणि बाण मारून बघायचा. "जे कुणी ओढत नाही ते धनुष्य नव्हे, काठी," असं तो म्हणे.

हिरव्या पाठीचं, ओढायला पंचावन्न पौंडांचा जोर लागणारं धनुष्य त्याचं लाडकं. इतकी वर्षं शिकार त्याच्यावरच. पण गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढताना त्याचा खांदा दुखावला होता. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी, एका रविवारी चर्च सुटलं की सगळे धनुष्यवाले उर्हो कांगासच्या कुरणात जमत. गवताच्या गठ्ठ्यावर जेवणाची कागदी ताटली टाचायची आणि वीस पावलांवरून चार बाण मारायचे. चारही ताटलीत बसले, तर ते धनुष्य घेऊन रानात जायचं. नाही बसले तर पुढच्या रविवारी आणखी एकदा, आणि तेव्हाही चुकले तर त्या साली घरी. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडल्याचं ऐकिवातही नव्हतं. हरीण अर्धवट जखमी होऊन दलदलीत तडफडावं, याहून मोठं पाप त्या लोकांत नव्हतं.

रेइनोचा एक बाण ताटलीत बसला. तीन खाली गवतात गेले.

"दोरी सैल झालीय," तो म्हणाला.

"दोरी का दोरीमागचा म्हातारा?" उर्होने विचारलं. माणसं हसली.

"तुझ्या जिभेपेक्षा दोन्ही घट्ट आहेत."

उर्हो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "रेइनो, तुझा हात गालाला लागतच नाही. अर्धवट ओढून सोडतोयस. आम्हाला दिसलं ते दिसलं, हरणाला भोगायला लावू नकोस."

घरी रेइनो भिंतीपुढे उभा राहिला. एकेक धनुष्य ओढून पाहिलं. सगळी ओढायला जडच. घरात हलकं असं एकच होतं, चाळीस पौंडांचं, लाल पाठीचं, स्वयंपाकघरात दाराजवळ टांगलेलं. बायकोचं, आउनेचं. लग्नाच्या वर्षी त्यानेच तिला दिलेलं. मुलं होईपर्यंत तिने त्यावर दोन हरणं मारली होती. तरी तो त्याला चारचौघांतही खेळणंच म्हणे.

"आउने, ते तुझं खेळणं जरा दे बघू."

"खेळणी नातवंडांच्या पेटीत आहेत."

"धनुष्य गं."

"कुणाचं?"

"तुझं."

"मग असं नीट माग की."

तिने ते खिळ्यावरून काढून दिलं. दोरीला ताजं मेण होतं.

"हे मेण कुणी लावलं?"

"मी. तू दुपारी घोरतोस ना, तेव्हा बटाट्याच्या वाफ्यामागे बाण मारते. तुला सांगितलं असतं तर शिकवायला आला असतास." ती हात पुसत म्हणाली, "मला यंदा रानात जायचंय, रेइनो. आज कुरणात मीही उभी राहणार होते. तुझे बाण पडले म्हणून गप्प बसले."

धनुष्य एक, आणि जायचं दोघांना.

पुढच्या रविवारी कुरणात त्याने लाल धनुष्य ओढलं. हात सहज गालाला लागला. चारही बाण ताटलीत बसले.

"खेळणं बरं चालतं की!" उर्हो ओरडला.

रेइनोने बाण उपटले, नवी ताटली टाचली आणि धनुष्य आउनेच्या हातात दिलं. "अजून एक नाव आहे," तो म्हणाला.

तिने चर्चचा कोट काढून कुंपणावर टाकला. तिचे चारही बाण कॉफीच्या बशीखाली झाकले गेले असते, इतके जवळ बसले. या वेळी कुणी हसलं नाही.

"आता पहिला दिवस कुणाचा?" उर्होने विचारलं.

मोसमाचा पहिला दिवस रेइनोने तरुणपणापासून कधी चुकवला नव्हता. वर्षभर तो त्या एका सकाळची वाट बघे. त्याने मान खाली घातली, खांदा चोळला.

"तिचं धनुष्य, तिचा दिवस. मी दुसऱ्या दिवशी जाईन."

मोसमाच्या पहिल्या सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. रेइनोने थर्मासमध्ये कॉफी भरली, वेलचीच्या पावाला लोणी लावून तिच्या खिशात कोंबला. दारात म्हणाला, "आउने, वारा पश्चिमेचा..." आणि पुढचं गिळून टाकलं.

"कळतं मला," ती म्हणाली, आणि झाडीत शिरली.

तो आत आला. टेबलाशी बसून त्याने सकाळची नेहमीची प्रार्थना म्हटली, आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं: "देवा, बाण सुटलाच तर नीट जाऊ दे, नाहीतर सुटूच देऊ नकोस."